नळ, शटर आणि हळकुंडं: रोजच्या आवाजांतून अडीच मिनिटांची ध्वनिरचना कशी बांधायची

‘जरा ऐकून सांगा’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ध्वनिरचना एकाच साच्यातल्या असतात. गणपती मंदिराची घंटा, मग रिक्षा, मग एसटी स्टँडवरची घोषणा, मग भाजीवालीची हाळी, घाटावरचं पाणी आणि शेवटी पुन्हा घंटा. प्रत्येक आवाज पाच-सात सेकंद. रेकॉर्डिंग स्वच्छ असतं, मेहनत कळते, पण ऐकताना वाटतं की आपण ‘सांगली दर्शन’च्या बसमध्ये बसलोय आणि गाइड खिडकीबाहेर बोट दाखवतोय.

अशा वेळी करणारा चूक एडिटिंगमध्ये शोधतो, तिथे ती सापडत नाही. ती रेकॉर्डर सुरू होण्याआधीच झालेली असते. घंटा ‘देऊळ’ म्हणून घेतलेली असते, रिक्षा ‘रस्ता’ म्हणून. तो आवाज कानाला कसा लागतो, किती टिकतो, कुठे वळतो, याचा विचारच झालेला नसतो. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा तयारीला आणि रेकॉर्डिंगला दिली आहे.

शेवटपर्यंत एकच उदाहरण वापरतो: सांगलीच्या गावभागातल्या सकाळवरून केलेली २ मिनिटं ४० सेकंदांची रचना. तिच्यात पाचच आवाज आहेत. नळाखाली भरणारी कळशी, दुकानाचं लोखंडी शटर, सुपात हलवलेली हळकुंडं, शिलाई मशीन आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची घुमणारी शांतता.

टप्पा १: दोन दिवस नुसतं ऐका

रेकॉर्डर घरी ठेवा. फोन खिशात असला तरी बाहेर काढू नका. एकच रस्ता, एकच वेळ, लागोपाठ दोन दिवस. अर्धा तास पुरे. सकाळी साडेपाच ते सहा ही वेळ मला सगळ्यांत फळते, कारण तेव्हा आवाज सुटे सुटे येतात. नऊनंतर मारुती रोडला उभं राहिलात तर सगळ्याचा एक गोळा होतो आणि त्यातून काही निवडता येत नाही.

वहीत तीन रकाने आखा: काय होतं, कसं होतं, किती वेळ होतं. पहिला आणि तिसरा रकाना सगळेच भरतात. मधल्यात मात्र ‘छान’, ‘मोठा’, ‘गोंगाट’ असले शब्द पडतात आणि त्यांचा पुढे काडीचा उपयोग होत नाही. तिथे आपल्या भाषेतले नादाचे शब्द लिहा. मराठीत ते रग्गड आहेत आणि ते आवाजाची नक्कल करून थांबत नाहीत, त्याचा आकारही सांगतात.

जोडीने येणारे शब्द पाहा: खुळखुळ, खडखड, टकटक, सळसळ, भुणभुण. हा आवाज चालू राहतो, त्याच्यात दाणे असतात. एकेरी, शेवटी आपटणारे शब्द पाहा: धप्प, फट्, ठण्ण, रप्प. ही घटना आहे, एकदाच होते आणि संपते. मग लांबवावे लागणारे शब्द: घूंऽऽ, सूंऽऽ, चर्रर्र. हा आवाज टिकतो, त्याच्यावर दुसरं काही ठेवता येतं. पुढची सगळी रचना या तीन जातींवर उभी राहणार आहे: दाणेदार, एकेरी आणि लांब.

काही आवाज एका जातीतून दुसऱ्यात जातात. शटर वर जाताना खडखड असतं आणि वर टेकलं की ठण्ण. अशा आवाजांभोवती गोल करा, ते सोनं आहे.

*तपासा:* दोन दिवसांनी वहीत किमान पंचवीस नोंदी हव्यात. मधला रकाना हाताने झाकून बघा. उरलेली यादी पर्यटनाच्या पत्रकासारखी दिसत असेल तर तिसऱ्या दिवशी पुन्हा जा.

टप्पा २: पंचवीसातून पाच

अडीच मिनिटांच्या रचनेला पाच आवाज पुरतात, सहावा घ्यायला सबळ कारण लागतं. माझं प्रमाण असं: एक लांब आवाज तळाला, दोन दाणेदार, एक एकेरी, आणि एक असा जो स्वतः बदलत जातो.

हा शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक विसरतात. रचनेला कुठेतरी ‘जायचं’ असतं, आणि पाचही आवाज जागच्या जागी उभे असले तर एडिटिंगमध्ये कितीही धावपळ केली तरी ती हलत नाही. कळशी भरताना काय होतं ते आठवा. पाणी चढतं, वरची हवेची जागा कमी होते, तसा सूर चढत जातो. आधी हळूहळू आणि गळ्याशी आल्यावर भराभर. आई स्वयंपाकघरातून न बघता ‘कळशी भरली गं’ म्हणायची ती याच सुरावर. एका कळशीने तुम्हाला आयतीच चढण मिळते. फुगत जाणारा कुकर शिट्टीच्या आधी असाच बदलतो, टपरीवरचं आधणही. प्रत्येक स्वयंपाकघरात असं एक तरी सापडतं.

आता काय टाळायचं. देवळाची घंटा, अजान, बँड, ट्रॅक्टरवरची गाणी. हे आवाज वाईट नाहीत, पण त्यांचा अर्थ इतका जाड असतो की शेजारी ठेवलेलं दुसरं काही ऐकूच येत नाही. शिवाय गाणी कोणाच्या तरी मालकीची असतात. ऊस हंगामात ट्रॉल्या जात असताना पुलावर रेकॉर्डिंग केलंत आणि पाठीमागे चित्रपटगीत आलं, तर ऑनलाइन टाकल्यावर मालकीहक्काचा दावा येऊ शकतो. थोडंसं गाणंही पुरतं.

मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन तंबोऱ्याचा झंकार घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. झंकार हे तयार संगीत आहे, तुमच्यासाठी त्यात काम उरलेलं नाही. त्याच दुकानात भोपळ्यावर चालणारी कानस ऐका, जवारी काढताना, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासताना, होणारी खसखस ऐका.

हंगामही बघा. मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत जोरात असते. ऑगस्टमध्ये ढिगाऱ्याचा आवाज शोधत गेलात तर हात हलवत परत याल. मी म्हणूनच ढीग सोडला आणि पावशेर हळकुंडं विकत आणली.

टप्पा ३: साहित्य आणि फोनची तयारी

वेगळा रेकॉर्डर असेल तर उत्तम, नसेल तर फोन चालतो. फक्त फोन जसा आहे तसा चालत नाही.

फोनमधलं मूळ व्हॉइस रेकॉर्डर अ‍ॅप बहुधा बोलण्यासाठी बनवलेलं असतं. ते बारीक आवाज आपोआप वाढवतं, मोठा दाबतं आणि सतत चालणारी घरघर ‘गोंगाट’ समजून पुसून टाकतं. शिलाई मशीन रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन ऐकलं तर मशीन बुडतंय-वर येतंय असं वाटतं, ते यामुळे. असं अ‍ॅप घ्या ज्यात आवाजाची पातळी हाताने ठरवता येते आणि नॉइज सप्रेशन बंद करता येतं. फाइल वेव्ह (WAV) प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, शक्य असेल तर २४ बिट. एमपी३ नको, पुढे वेग बदलायचा आहे आणि जागा वाचवायला दाबलेल्या फाइलचे दोष तेव्हा उघडे पडतात. या सेटिंगला स्टीरिओचं एक मिनिट सुमारे १७ एमबी जागा खातं, मोनोचं त्याच्या निम्मी. तासभराच्या स्टीरिओ रेकॉर्डिंगला एक जीबीहून जास्त जागा मोकळी ठेवा.

बाकी सामान किरकोळ: वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन (ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे हात आणि कान जुळत नाहीत), एक जाड टॉवेल, एक जुना लोकरी मोजा, वही. मोजा माइकवर चढवला की वाऱ्याचा फडफडाट बराच कमी होतो. नदीकाठी त्याच्याशिवाय जाऊ नका. टॉवेलची चार पदरी घडी फोनखाली ठेवायची.

ही टॉवेलची गोष्ट मी स्वतः पैसे न मोजता शिकलो, फक्त एक सकाळ गेली. मावशींचं शिलाई मशीन घ्यायला गेलो आणि फोन मशीनच्याच लाकडी फळीवर ठेवला. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये सुईची टकटक कुठेच नव्हती, नुसती फळीची गुरगुर. मावशींनी तेवढ्यात दोन पिशव्या शिवून घेतल्या, त्यांचं काम झालं.

*तपासा:* निघायच्या आधी फोन विमान मोडवर, कव्हर काढलेलं, माइकची जागा माहीत (बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला), आणि घरात एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून हेडफोनवर ऐकलेलं.

टप्पा ४: विचारून घ्या

दुकानदाराला आदल्या दिवशी सांगा. ‘काका, उद्या शटर उघडताना दोन मिनिटं थांबू का?’ एवढं पुरतं. चहा मिळतो. कोणी काय करताय विचारलं तर ‘आवाज गोळा करतोय’ म्हणा, ‘प्रोजेक्ट’ म्हणालात की लोक सरळ उभे राहून बोलायला लागतात. यार्ड, कारखाना, कार्यशाळा इथे आतल्या जबाबदार माणसाची परवानगी लागते. रेल्वेच्या हद्दीत विचारल्याशिवाय काही नको. लोकांचं खासगी बोलणं आलं तर ते कापून टाका, ‘कळत नाही फारसं’ ही सबब नाही.

*सावधान:* हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत. घुमारा मिळेल म्हणून पेवात उतरायची कल्पना कोणाला ना कोणाला सुचतेच. बंद पेवात प्राणवायू कमी असू शकतो आणि तो कमी आहे हे नाकाला कळत नाही. उतरू नका. पावसाळ्यात पाणी चढत असताना पुलाखाली किंवा घाटावरही जाऊ नका. आयर्विनपाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात, पण घाटाच्या पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी बुडतात.

टप्पा ५: रेकॉर्डिंग

क्रम पाठ करा, कारण गडबडीत हाच चुकतो.

१. रेकॉर्डिंग सुरू करून आधी बोला: तारीख, जागा, आवाज, अंतर. तारखेनंतर ‘गावभाग, कळशी, एक वीत.’ चार शब्द. महिन्याभराने हेच तुम्हाला वाचवतात.

२. मग तीस सेकंद काहीही न करता थांबा. मुख्य आवाज नसताना ती जागा कशी वाजते, हे यात येतं. पुढे दोन तुकडे जोडताना मधली फट याच रेकॉर्डिंगने बुजवायची असते. हे तीस सेकंद न घेणारे लोक नंतर पूर्ण शांततेने फट भरतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हेडफोनची वायर निघाली.

३. पातळी ठरवा. मीटरवरचं शून्य म्हणजे कमाल मर्यादा, सगळ्यांत मोठा ठोका त्या शून्याखाली १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. हिरवी पट्टी अर्ध्यातच थांबते म्हणून पातळी वाढवायचा मोह होतो, तो आवरा. बारीक आवाज नंतर वाढवता येतो. शून्याला लागून फाटलेला दुरुस्त होत नाही. शटरसाठी तर आणखी सहा डेसिबल खाली या, शेवटचा ठण्ण बेसावध गाठतो.

४. प्रत्येक आवाज तीन अंतरांवरून घ्या: एक वीत, एक हात, दहा पावलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, हे गणित झालं. पण दहा पावलांवरून फक्त पातळी बदलत नाही, भिंती आणि गल्ली आवाजात मिसळते. जवळून घेतलेला आवाज नंतर बारीक करून ‘लांबचा’ होत नाही. तो जवळचाच राहतो, नुसता अशक्त.

५. प्रत्येक वेळी किमान दोन मिनिटं. एकेरी आवाज असेल तर सात-आठ वेळा.

६. आवाज संपल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि मगच हात हलवा.

सहावा मुद्दा वाचून सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी मोडतात. शटरचा ठण्ण झाला, त्याचं शेपूट गल्लीत विरत चाललंय, आणि त्याच्यावर ‘झालं का रे?’ हा प्रश्न कायमचा कोरला जातो. सोबत कोणाला नेत असाल तर खुणेची भाषा आधी ठरवा. बांगड्या, किल्ल्या, सरसरणारं जॅकेट घरी ठेवा.

आता पाचही आवाजांबद्दल थोडं.

*कळशी:* रिकामी, पितळेची किंवा स्टीलची. प्लास्टिकची घागर धपधप करते, तिच्यात सूर तितका उठून येत नाही. नळ मध्यम धारेवर ठेवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत धार बदलायची नाही. माइक तोंडापासून वीतभर, पण बाजूला, थेंब उडणार नाहीत असा. माझी साधारण सत्तर सेकंदांत भरते. तीन वेळा भरा आणि पाणी टाकू नका, बादलीत रिकामी करा.

*हळकुंडं:* पावशेर हळकुंडं सुपात घेऊन पाखडल्यासारखी हलवा. वाळलेलं हळकुंड हाडासारखं वाजतं, लाकूड आणि दगड यांच्या मधलं काहीतरी. पत्र्याच्या सुपाचा आवाज कर्कश येतो, बांबूचंच घ्या. शेवटी एकच हळकुंड फरशीवर टाकून ते थांबेपर्यंत घ्या, असे दहा वेळा. ते पुढे लागणार आहे.

*शिलाई मशीन:* पायाचं घ्या. मोटारचं मशीन एकसारखं पळतं. पायाचं सुरू होताना अडखळतं, मध्येच दम खातं, कापड वळवताना थांबतं. ही माणसाची लय आहे, ती सॉफ्टवेअरमध्ये बनवत बसावं लागत नाही. खोलीतला फ्रिज आणि ट्यूबलाइट तेवढा वेळ बंद करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या वस्तूंची घूंऽऽ ५० आणि १०० हर्ट्झवर बसते आणि नंतर प्रत्येक तुकड्यात डोकावते. फ्रिज परत सुरू करायला विसरू नका, म्हणून घराची किल्ली फ्रिजवर ठेवतात म्हणे. मला ते अजून जमलेलं नाही.

*पुलाखाली:* कोरड्या दिवसांत, पहाटे. इथे काही वाजवायचं नाही. पुलाच्या कमानीखाली फोन टॉवेलवर ठेवून चार मिनिटं लांब उभं राहायचं. वरून जाणारी एखादी सायकल, पाणी, कबुतरं आणि या सगळ्याला लागलेला दगडाचा घुमारा. हा तुमचा लांब आवाज, रचनेचा तळ.

शटरबद्दल जे सांगायचं ते वर आलं.

टप्पा ६: त्याच संध्याकाळी

फाइलींना नावं द्या. ‘रेकॉर्डिंग_०४७’ या नावाची फाइल आठवड्याने अनाथ होते. ‘शटर_दहापावलं_ठण्ण-चांगला’ असं लिहा. दोन ठिकाणी प्रत ठेवा, मूळ फाइलवर काम करायचं नाही. फोनवरून संगणकावर केबलने उतरवा. मेसेजमध्ये ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाऊ शकते. तसंच पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा.

टप्पा ७: कापणं

ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतं. आधी सगळं एकदा डोळे मिटून ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना जिथे कान टवकारले जातात तिथे कंट्रोल आणि एम दाबून खूण करा आणि मधल्या रकान्यातला शब्द लिहा. तिसऱ्यांदा फक्त खुणा ऐका. तासाभराच्या मालातून तीन-चार मिनिटं उरली पाहिजेत. जास्त उरली तर तुम्ही दयाळू आहात, पुन्हा बसा.

कापताना आवाजाचं डोकं आणि शेपूट दोन्ही सांभाळा. ठोका सुरू होण्याच्या किंचित आधी कापा आणि शेवट पूर्ण विरेपर्यंत जाऊ द्या. कापलेल्या प्रत्येक टोकाला ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज तिथे हळूच चढवा किंवा उतरवा. नाही दिला तर ‘टक्’ असा बारीक खटका येतो आणि हळकुंडांच्या खुळखुळीत तो तेव्हा लपतो, पण तळाच्या शांततेवर ठळक दिसतो.

डोकं मुद्दाम कापायचं असेल तर गोष्ट वेगळी. फ्रान्समध्ये संगीतकार पियेर शेफर यांनी १९४८मध्ये घंटेच्या रेकॉर्डिंगमधून सुरुवातीचा ठोकाच काढून टाकला, तेव्हा उरलेला नाद घंटेचा वाटेनासा झाला. शटरच्या ठण्णवर हा प्रयोग करून बघा. ठोका काढला की मागे एक पोलादी घूंऽऽ उरते, म्हणजे एकेरी आवाजातून लांब आवाज निघाला. एका रेकॉर्डिंगचे दोन आवाज झाले आणि पाचाची मर्यादाही मोडली नाही.

*सावधान:* नॉइज रिडक्शन हे साधन दिसलं की सगळ्या फाइलींवर फिरवायचं नाही. जास्त लावलं की आवाज पाण्याखाली बोलल्यासारखा येतो. एकसारखी घूं असेल तिथेच, आणि जपून.

टप्पा ८: बदल, पण तीनच

वेग कमी करणं, उलटं वाजवणं आणि पुनरावृत्ती. इको, कोरस, रोबोचा आवाज यांना हात लावू नका. पहिल्या तीन रचना तरी नको.

वेग निम्मा केला की आवाज दुप्पट लांबतो आणि एक सप्तक खाली उतरतो. हळकुंडांचा दाणा निम्म्या वेगात गारगोट्यांसारखा होतो. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये जास्तीत जास्त २४ किलोहर्ट्झपर्यंतचे कंप पकडलेले असतात. वेग निम्मा झाला की वरची मर्यादा १२वर येते, पाव केला की ६वर. म्हणून पाव वेगात आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो. निम्म्यावर थांबलेलं बरं.

एका आवाजाचं बदललेलं रूप एकच ठेवा, आणि मूळ रूप रचनेत कुठेतरी ऐकू येऊ द्या. नाहीतर ऐकणाऱ्याला काय बदललं हे कळायला आधार राहत नाही.

टप्पा ९: मांडणी आधी कागदावर

संगणक बंद करा. १६० सेकंदांसाठी आडव्या ओळीत १६ चौकटी आखा, एक चौकट म्हणजे दहा सेकंद. प्रत्येक आवाजाला एक ओळ. कुठे सुरू, कुठे संपतो, हे पेन्सिलने रंगवा.

माझी पहिली मांडणी अशी होती: शटर उघडतं, दिवस सुरू होतो, शटर बंद होतं, संपतं. हे सगळ्यांनाच सुचतं, म्हणूनच टाकून दिलं.

दुसरी टिकली. शून्यापासून पंचवीस सेकंदांपर्यंत फक्त हळकुंडं, एका वितीवरून घेतलेली, कोरडी, खाली काही नाही. ऐकणाऱ्याला काय आहे ते नीट कळत नाही आणि ते कळू नये अशीच इच्छा आहे. पंचविसाव्या सेकंदाला पुलाखालचा तळ हळूच सरकत येतो. अडतिसाव्याला रिकाम्या कळशीत पहिली धार. इथून पुढे कळशी न कापता पूर्ण सत्तर सेकंद. तिच्यावर मशीनचे तुकडे, आधी लांब लांब, मग जवळ जवळ. कळशीचा सूर गळ्याशी येऊन भराभर चढू लागतो, मशीन दाटतं, आणि आता ओतू जाणार अशा ठिकाणी, १ मिनिट ४८ सेकंदांवर, दोन्ही एकदम बंद. शटरचा ठण्ण, मूळ वेगात. पुढे त्याचं डोकं कापलेलं शेपूट. मग जवळजवळ दहा सेकंद नुसता पूल. २ मिनिटं ८ सेकंदांना हळकुंडं परत येतात, पण दहा पावलांवरून, विरळ होत होत. शेवटी फरशीवर एक.

या टप्प्यावर चार चुका वारंवार दिसतात.

पहिली, सगळे आवाज पहिल्या पंधरा सेकंदांत हजर होतात. मग पुढे द्यायला काही उरत नाही.

दुसरी, दोन सेकंदांचा तुकडा चिकटवत नेणं. कान तिसऱ्या फेरीला ओळखतो. पुनरावृत्ती करायची असेल तर वेगवेगळ्या सात-आठ ठोक्यांमधून उचला, त्यासाठीच ते रेकॉर्ड केले होते.

तिसरी, प्रत्येक आवाज हळूच येतो आणि हळूच जातो. सगळीकडे फेड असले की रचना धुक्यात चालल्यासारखी होते. कळशी जिथे तुटते तिथे ती तुटलीच पाहिजे.

चौथी, रिकामी जागा सहन न होणं. ठण्णनंतरच्या त्या दहा सेकंदांत काहीतरी घालावंसं वाटतं. मीही तिथे एक रिक्षा घातली होती, दोन दिवस ठेवली आणि काढली.

*तपासा:* कागदाकडे बघून उभ्या चौकटी मोजा. एका वेळी तीनपेक्षा जास्त आवाज असलेली चौकट एखादीच हवी.

टप्पा १०: पातळी जुळवणं आणि बाहेर काढणं

तळाचा आवाज इतका बारीक ठेवा की तो असताना जाणवू नये आणि काढला तर जाणवावा. पुलाचा तळ सोडून बाकी सगळ्यांवर ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे कंप कापणारा) लावा, पायाचे धक्के आणि वाऱ्याची ढुमढुम निघून जाते. डावी-उजवी बाजू वापरताना कळशी मधोमध, मशीन थोडं एका अंगाला, हळकुंडं दुसऱ्या. पूर्ण कडेला काही ढकलू नका. कोणी एका कानात इअरफोन घालून ऐकतो.

अंतिम फाइलमध्ये सर्वोच्च पातळी शून्याखाली १ डेसिबल राहू द्या. सरासरी मोठेपणा उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) जवळपास असला तर ऑनलाइन चालतं, पण तो आकडा गाठण्यासाठी शांत भाग फुगवू नका. अशा रचनेत उणे २० आलं तरी बिघडत नाही.

मग रात्रभर सोडा. सकाळी तीन ठिकाणी ऐका: हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर, आणि दुसऱ्या खोलीतून दार उघडं ठेवून. फोनच्या बारक्या स्पीकरवर खालचे कंप जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे पुलाचा तळ तिथे गायब होईल. तो गायब झाल्यावरही रचना उभी राहते का, एवढंच बघायचं. राहत नसेल तर तळाची पातळी वाढवून उपयोग नाही, त्याच्यावरचे आवाज पुन्हा तपासा.

शेवटी एका माणसाला काहीही न सांगता ऐकवा. नाव सांगू नका, आवाज कशाचे ते सांगू नका. ‘हे कशाचं होतं?’ असं त्याने विचारलं तर चालेल. त्याने मधेच फोनकडे पाहिलं तर तो सेकंद लिहून ठेवा आणि तिथली चौकट पुन्हा उघडा. माझ्या रचनेत मावशींनी १ मिनिट २० सेकंदांना मान वर केली आणि म्हणाल्या, ‘नळ बंद कर आधी, कळशी भरत आलीय.’ तिथे मी काही बदललं नाही.

वेव्ह प्रत जपून ठेवा, पाठवायला वेगळी एमपी३ काढा. ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल आणि पेन्सिलचा कागदही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कागदाचा फोटो काढून ठेवलात तरी चालेल. आणि हळकुंडं डब्यात भरण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा, फरशीवर दहा वेळा पडलेली आहेत.